वर्षभर न उचललेला फोन

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. औषधांच्या त्या गोदामाच्या ऑफिसात पंचवीस वर्षांपूर्वीचं टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि ते कॉम्प्युटरवरच्या नव्या सॉफ्टवेअरला जोडायचं काम तिच्याकडे होतं. जोडणी झाली, की टेबलावरचा कॉम्प्युटर आणि खिशातला मोबाइल एकदमच वाजणार होते. साहेबांनी बाराची वेळ दिली होती आणि दर दहा मिनिटांनी ते येऊन उभे राहत. काही बोलत नसत, पण असं न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट.

जुन्या आणि नव्याच्या मध्ये एक डबी बसवावी लागते. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळवायचं काम त्या डबीचं. घोडं पेंड खात होतं ते इथेच. डबीत लाइनी मावत होत्या अठ्ठेचाळीस आणि एक्स्चेंजमधून आल्या होत्या एक्कावन्न. दुसरी डबी मागवायची तर आठवडा गेला. अशा वेळची तिची एक ठरलेली युक्ती होती आणि त्या युक्तीचा तिला थोडा तोराही होता. बारा महिन्यांच्या कॉलची यादी काढायची आणि जी लाइन वर्षभर मुकी, ती छाटून टाकायची. अशी तिनं दहा ऑफिसं जोडली होती. एकाही ठिकाणाहून तक्रार आली नव्हती.

"सर, तीन लाइनी मेलेल्या आहेत," तिनं विचारलं. "जुनं कँटीन, बंद पडलेली रेकॉर्ड रूम आणि एकीवर नुसतं 'तळ' लिहिलंय. काढू?"

"अडगळच ती. काढा, काढा," साहेब मान वर न करता म्हणाले.

सव्वाअकराला तिनं तिन्ही वायरी उपसल्या. पावणेबाराला ऑफिसातला कॉम्प्युटर न् कॉम्प्युटर खणखणला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, साहेब चक्क हसले. काम फत्ते झालं होतं. तरी तिला बसवेना. घट्ट बसलेले स्क्रू ती पुन्हा पुन्हा पिळत होती. मनात कुठेतरी पाल चुकचुकत होती आणि कारण काही सापडत नव्हतं.

कोपऱ्यात ऑपरेटर मावशी बसल्या होत्या. वीस वर्षं त्यांनी दिव्यांच्या बोर्डापुढे काढली होती. आज बोर्ड काळा पडला होता आणि उद्यापासून त्यांची बदली आवक-जावकला. हातांचं काय करावं ते न कळून त्या पदर सारखा करत होत्या.

"पोरी, सगळे फोन आले का गं तुझ्या यंत्रात?"

"सगळे आले, मावशी. ते मेलेले तीन सोडून." तिनं नावं सांगितली.

'तळ' ऐकताच मावशी उभ्याच राहिल्या.

"अगं, तो खालच्या बर्फखोलीतला फोन! त्याला बटणं नाहीत. आतून नुसता उचलला, की माझ्याकडे लाल दिवा लागतो. दाराचा आतला खटका बर्फ धरतो कधी कधी, मग बाहेर येता येत नाही माणसाला. खाली मोबाइललाही रेंज नाही."

"पण वर्षभरात एकदाही कुणी..."

"बर्फ्या, आपला बर्फखोलीचा मिस्त्री, अडकला होता ना! चौदा महिने झाले त्याला."

तिच्या यादीत महिने बारा होते. मावशींची नजर तोवर टेबलाच्या कडेला गेली होती. तिथे एक कप बशीनं झाकून ठेवला होता.

"सव्वाअकरालाच खाली गेलाय तो. साडेअकराचा चहा कधी चुकवत नाही मेला," मावशी म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

दोघी जिन्यानं धावल्या. मावशींची एक चप्पल वरच राहिली. बर्फखोलीचा दांडा दोघींनी मिळून ओढला तेव्हा दार सुटलं आणि पांढरी वाफ अंगावर आली. आत बर्फखोलीचा मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. भुवया पांढऱ्या, ओठ निळे आणि फोन अजून कानाला. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "अर्धा तास झाला. उचलत का नव्हता?"

मावशींचा चेहरा पार उतरला. वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. खुंटीवरची घोंगडी काढून त्या त्याला गुंडाळू लागल्या. त्याला फोनची भानगड ठाऊक नव्हती, साहेब वर होते, आणि मावशी तर चुगली करणाऱ्यातल्या दिसत नव्हत्या. गप्प राहिली असती तर ती सुटली असती. हा विचार आला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"त्यांचा दोष नाही," ती म्हणाली. "तुमची लाइन मी काढली. बारा महिन्यांत एकदाही वापरली नव्हती, म्हणून."

तो तिच्याकडे वळला. दात वाजत होते, शब्द जुळत नव्हते.

"मग काय, ताई," तो म्हणाला, "लाइन चालू ठेवायला दरवर्षी अडकायचं होतं का आम्ही?"

त्यानं हे रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती जिन्यानं वर गेली आणि उपसलेल्या तीन वायरींतून 'तळ'ची वायर शोधू लागली.