झाकणावरची पांढरी रेघ

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. जुनं म्हटल्यावर तुम्ही मला तुमच्या पणजोबांच्या वयाचा समजाल, पण मी जेमतेम पाच वर्षांचा आहे. इंजिनाचं वय वर्षांवर धरत नाहीत, कामावर धरतात, आणि माझं काम संपलेलं आहे. अलिबागजवळच्या आयटीआयच्या शेडमध्ये मला एका लोखंडी स्टँडवर बसवलंय. एका बाजूने कापून आतून लाल-निळा रंग दिलाय, म्हणजे शिकणाऱ्यांना माझं पोट दिसावं. येतो तो आत डोकावतो. सांगायला लाज वाटते, पण त्या पोटात ऑइलचा एक थेंबही उरलेला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तिथे मला घडवताना एक चूक राहून गेली. पिस्टनभोवती ज्या बारीक रिंगा असतात, त्या माझ्यात नीट बसल्याच नाहीत. त्यामुळे मी थोडं थोडं ऑइल जाळत असे. हे तिथे कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि मला तर ते वाईट आहे हेच ठाऊक नव्हतं. कुणाला चहा जास्त लागतो, मला ऑइल जास्त लागतं, असं मी समजत होतो.

मग मला एका निळ्या स्पोर्ट्स गाडीच्या बॉनेटखाली बसवलं. काय गाडी होती ती! दोनच सीटा, छप्पर मागे दुमडणारं आणि रस्त्याला लागून असलेली चाल. तेव्हापासून मी 'मी' म्हटलं की त्यात तीही आलीच. आम्ही वेगळे आहोत हे मला फार उशिरा कळलं.

आम्हाला घरी नेलं रुचिकाने. मांडव्याच्या अलीकडे त्यांचं गाव. आजा मिठागरात राबलेला. वडील चांगदेव यांनी तीस वर्षं ट्रक चालवला, थळच्या कारखान्यातून खताच्या गोण्या भरून घाटापलीकडे न्यायच्या. रुचिका लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये बसायची आणि तिथे तिने एका निळ्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं. मोठी झाल्यावर ट्रकचा धंदा तिने हातात घेतला, वाढवला आणि एक दिवस ती शोरूममध्ये घुटमळत उभी राहिली. तेव्हा चांगदेवच म्हणाले, "घे बाय. इतकी वरसं आपन वझीच व्हायली. आता एक बिनवझ्याची गाडी घे."

घरी पोचलो तर रुचिकाची आई, मैनाबाई, कमरेवर हात ठेवून अंगणात. "दोनच सीटा? मंग मी काय डिकीत बसू?"

त्यावर तोडगा निघाला. एक रविवार चांगदेवांचा, एक रविवार मैनाबाईंचा. मैनाबाईंच्या रविवारी आम्ही थळला जायचो आणि येताना डिकीत सुकट असायची. परदेशी गाडीच्या डिकीत सुकट! मी दोन दिवस नाक मुरडायचो. आज कुणी ती इथे आणून ठेवली, तर मी जन्मभर तक्रार करणार नाही.

चांगदेवांच्या रविवारी काशीद. रेवदंड्याचा पूल ओलांडला की रुचिका छप्पर मागे टाकायची. मग वळणं, सुरूची झाडं, मधूनच दिसणारं पाणी आणि काशीदच्या अलीकडचा तो चढ. त्या चढाला मी असा काही आवाज काढायचो की चांगदेव डोळे मिटून घ्यायचे. "गाते, बाय, गाते," म्हणायचे. गात मी असे, पण ते गाडीला शाबासकी द्यायचे. मी कधी मनावर घेतलं नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या वेळेबद्दल सांगतो. रोज सकाळी चहा झाला की चांगदेव बॉनेट उघडायचे. ट्रकवाल्याची सवय, ऑइल बघितल्याशिवाय चाक हलवायचं नाही. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, खांद्यावरच्या टॉवेलने पुसायची, परत घालायची, काढायची आणि चष्मा कपाळावर सरकवून बघायची. ऑइल कमी असायचंच. मग ते डिकीतला कॅन आणून घोटभर ओतायचे, झाकण लावायचे आणि माझ्या अंगावर दोन थापा मारायचे. घरात याबद्दल चकार शब्द नाही. गाडीची कुरकुर मालकाच्या कानावर घालायची नाही, आपण निस्तरायची, हा त्यांचा जुना खाक्या. आणि इथे मालक म्हणजे त्यांची लाडकी लेक. चार वर्षं हे असं चाललं. माझं दुखणं त्या माणसाने एकट्याने झाकून ठेवलं आणि मी सुखात होतो.

पण धूर झाकता येत नाही. एकदा गाडी सुरू करताना रुचिकाला आरशात निळसर धूर दिसला. तिने त्याच दिवशी आम्हाला पनवेलकडच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथले बाळाजी, पिकल्या मिशांचे, मोजकं बोलणारे इंजिनिअर. ते म्हणाले, "इंजिन ऑइल खात असेल तर वॉरंटीत नवीन इंजिन मिळेल. पण ते सिद्ध व्हायला पाहिजे." त्यांनी माझ्यात खुणेपर्यंत ऑइल भरलं, झाकण घट्ट लावलं आणि झाकणापासून माझ्या अंगापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. "हजार किलोमीटर चालवा. झाकण उघडू नका. मग मोजू."

वॉरंटी संपायला महिना राहिला होता. त्यानंतर नवीन इंजिन स्वतः घेणं रुचिकाच्या आवाक्यात नव्हतं. मग गाडी ताडपत्रीखाली गेली असती आणि हळूहळू खाऱ्या हवेने खाल्ली असती. ताडपत्रीखाली गेलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येत नाही, हे धंद्यात वाढलेल्या रुचिकाला सांगायला नको होतं.

घरी येऊन तिने वडिलांना एवढंच सांगितलं, "बाबा, टेस्ट आहे. यावरच सगळं आहे. झाकण नाही उघडायचं."

आता चांगदेवांना टेस्ट म्हणजे काय माहीत? पासिंग! दरवर्षी ट्रक आरटीओत पासिंगला न्यायचा. त्याआधी तो धुवायचा, रंगवायचा, दिवे बदलायचे, काय कमीजास्त असेल ते गुपचूप नीट करायचं आणि साहेबापुढे उभा करायचा. ट्रक पास झाला की पेढे. तीस वर्षांत त्यांचा ट्रक एकदाही नापास झाला नव्हता. आणि लेकीची गाडी नापास होऊ द्यायची?

तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी बघितली. ऑइल खाली गेलेलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, झाकण उघडलं, घोटभर ओतलं आणि झाकण असं फिरवलं की पांढरी रेघ केसभरही चुकली नाही. मग रोजच. मला तर बरंच वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

हजार किलोमीटर झाले. वर्कशॉपमध्ये बाळाजींनी ऑइल मोजलं, रेघ बघितली आणि म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. थेंबभरही खात नाही. पास."

चांगदेवांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. बाळाजींना दिला, शेजारच्या दोघांना दिला. रुचिका मात्र खुर्चीवर बसून राहिली. वडिलांनी पुढे केलेला पेढा तिने घेतला नाही.

परतीच्या वाटेवर वडखळ आलं. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, नापास व्हायला पाहिजे होती. नापास झाली असती तरच नवीन इंजिन मिळणार होतं. आता बारा दिवस उरलेत."

चांगदेवांच्या हातात तो पेढा तसाच होता. त्यांनी तो पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "बाय, गाडी बाजूला घे."

त्यांनी सगळं सांगितलं. चार वर्षांचं आणि या पंधरा दिवसांचं. "मना वाटलं पासिंग हाय."

रुचिका ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "हे त्यांना कळलं तर ते म्हणतील, तुम्ही टेस्टमध्ये हात घातला. होती नव्हती ती वॉरंटी पण रद्द करतील. नको सांगूस, बाबा. मी दुसरी टेस्ट मागून बघते."

"नाय. झाकून झाकूनच ह्ये झालंय. मागं फिरव."

बॉनेटखाली मला सगळं ऐकू येत होतं. मी मनात म्हणत होतो, नको फिरवू, पोरी. चार वर्षं झाकलंत, अजून झाका. मला या गाडीतून काढू नका. पण इंजिनाचं ऐकतं कोण? तिने गाडी मागे फिरवली आणि पनवेलपर्यंत मीच तिला ओढत नेलं.

बाळाजींनी ऐकून घेतलं. वाकून रेघ पुन्हा बघितली. "रेघ तर जराही हललेली नाही."

"तीस वरसं झाकनं लावलीत," चांगदेव म्हणाले, "हलंल कशी? पन मी खोललंय. लेकीला ठाव नव्हतं. लिहून घ्या, सही करतो."

बाळाजी मिशीवरून हात फिरवत बसले. त्यांना सरळ नाही म्हणता आलं असतं. ते आत गेले, कंपनीशी फोनवर तासभर बोलले आणि बाहेर आले. "पुन्हा एकदाच. या वेळी तारेचं सील लावतो. पट्टीला आणि झाकणाला. बारा दिवसांच्या आत ऑइल खुणेखाली गेलं तर नवीन इंजिन. सील तुटलं तर विषय संपला."

तारेचं सील माझ्या गळ्यात पडलं. रोज सकाळी आता बॉनेट उघडलं जाईना. चांगदेव चहाचा कप घेऊन पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसत. एकदा मैनाबाई म्हणाल्या, "अवं, चहा थंड झाला," तर उठून थेट बाहेर निघून गेले. रुचिका रोज आम्हाला घेऊन काशीदपर्यंत जायची आणि यायची. माझ्या पोटातलं ऑइल उतरत होतं. आतून घासल्यासारखं होऊ लागलं.

दहाव्या दिवशी चांगदेवही बरोबर आले. वार रविवार नव्हता. काशीदच्या अलीकडच्या चढाला माझा आवाज फाटला आणि समोर लाल दिवा पेटला. रुचिकाने गाडी सुरूच्या झाडांखाली घेतली, चावी फिरवून मला बंद केलं आणि वर्कशॉपला फोन लावला. उचलून न्यायला गाडी यायला दोन तास लागणार होते.

डिकीत कॅन होता, भरलेला. चांगदेवांनी तो बाहेर काढला. मला तो वास ओळखीचा. दोन्ही हातांत कॅन धरून ते बॉनेटपाशी उभे राहिले. रुचिका त्यांच्याकडे बघत होती, पण तिने त्यांना अडवलं नाही. मग ते चालत गेले आणि रस्त्यापलीकडच्या शहाळेवाल्या बाईजवळ कॅन ठेवून आले. परत येऊन तापलेल्या बॉनेटवर त्यांनी हात टेकला. "कळ काढ थोडी," म्हणाले. "मी तुना उपाशी नाय ठेवला कधी. आज ठेवला. माफ कर."

दोन तास त्यांनी हात काढला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा ते गाडीशी नाही, माझ्याशी बोलले होते.

नवीन इंजिन मिळालं. मला साखळीने वर उचललं तेव्हा खाली गाडी दिसली, मी आजवर तिला बाहेरून बघितलंच नव्हतं. किती देखणी होती! माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं, आरसी बुकातला माझा नंबर जाऊन त्याचा आला. रुचिकाने चावी फिरवली आणि ती गाडी वर्कशॉपच्या दारातून गेली. आवाज अगदी माझाच होता. त्याचंच फार वाईट वाटलं.

माझ्या रिंगा कंपनीने तपासायला नेल्या. उरलेला मी भंगारात जायचा, पण बाळाजींनी खटपट करून मला या आयटीआयला मिळवून दिलं. इथले धम्मदीप सर मला रोज पुसतात. माझी आबाळ नाही. फक्त रविवारी शेडचं शटर बंद असतं, आणि सकाळी नऊच्या सुमारास बाहेरच्या रस्त्यावरून ती रेवदंड्याकडे जाते. मी लांबूनच ओळखतो. त्या चढाला आता दुसरा गात असेल. नीट गा रे बाबा, एवढंच मी म्हणतो.

गेल्या महिन्यात सरांनी जुन्या ट्रक ड्रायव्हरांना मुलांशी बोलायला बोलावलं होतं. त्यांत चांगदेव आले. बोलणं झाल्यावर शेडमध्ये फिरता फिरता माझ्यापाशी आले आणि पुढे गेले. कापलेला, रंगवलेला मी, ओळखू कसा येणार? दोन पावलं गेले आणि थांबले. परत येऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि झाकणावरच्या पांढऱ्या रेघेवर अंगठा फिरवला.

मग त्यांनी माझी पट्टी बाहेर काढली. खांद्यावरच्या टॉवेलने पुसली, परत घातली, काढली, बघितली. कोरडी. मागे उभी असलेली मुलं हसली. एक जण म्हणाला, "काका, त्यात ऑइल नसतं."

"ठाव हाय," चांगदेव म्हणाले. "पन बघितल्याबिगर जीव ऱ्हात नाय."

त्यांनी झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि ते पुन्हा लावलं. दोन थापा मारल्या. बाहेर हॉर्न वाजला तसे ते निघाले.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचं दुखणं झाकू नका. वेळेवर सांगितलंत तर कदाचित तो तुमच्याजवळ राहील. माझ्या रिंगा पहिल्याच वर्षी बदलता आल्या असत्या, असं बाळाजी म्हणत होते. ते चांगदेवांना कुणी सांगू नका.

आणि माझं एक मागणं आहे. शिकायला आला आहात, तर मला खुशाल हात लावा, पोटात डोकवा, पिस्टन वरखाली करून बघा. फक्त ते झाकण तेवढं फिरवू नका. त्यांनी ते रेघेला रेघ जुळवून लावलंय.