येतानाचा पदर

माझ्या सासूबाई, रंभाबाई, मला आवडतात, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं माझ्याबद्दल काय मत आहे, ते मात्र लग्नाला वर्ष झालं तरी कळेना. आमच्या गावात, दापोऱ्यात, कुणी विचारलं, की "गजाननची बायको, गुजरात्यांची हाये" एवढं सांगून त्या मोकळ्या. मला त्यांच्या तोंडून 'माझी सून' ऐकायचं होतं. त्यासाठी उजव्या खांद्यावरचा माहेरचा पदर सोडून मी डाव्या खांद्यावर घ्यायला शिकले. तरी गाडी पुढे सरकेना.

मग मी मोबाइलसाठी एक गेम बनवायला घेतला आणि त्यांनाच त्यात घातलं. व्हेक्टर अ‍ॅनिमेशनचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात चित्राचे हात, पाय, डोकं वेगवेगळं काढायचं, आत हाडं बसवायची आणि चालवायचं.

"म्हंजे माझे हातपाय तोडले का वं तू?" रंभाबाईंनी विचारलं.

"जोडलेत परत," मी म्हटलं. त्यांची चाल नीट जमावी म्हणून घरापुढच्या ओट्यावर इतक्या फेऱ्या मारायला लावल्या, की शेवटी त्या खालीच बसल्या.

गेम असा: रंभाबाई केळ्यांची फणी आणि नारळ घेऊन इच्छादेवीच्या देवळाच्या पायऱ्या चढतात, माकडं चुकवतात, देवीला नारळ फोडून उतरतात. चढताना तोंड उजवीकडे, थोडं आपल्याकडे. उतरतानाचं चित्र वेगळं कोण काढत बसणार? तेच आरशातल्यासारखं उलटवलं.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. चढल्या, उतरल्या. पुन्हा चढल्या, उतरल्या.

"येताना माझा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला?"

चित्राबरोबर पदरही उलटला होता. आणि माझ्या डोळ्यांना ते खटकलंच नव्हतं, कारण आईला मी जन्मभर तसंच पाहिलेलं.

"चुकलं. आत्ता दुरुस्त करते," म्हणत मी माउस ओढला.

त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. जाते ती मी हाये, अन् येते ती तू." मग माझ्या खांद्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले तसाच शोभते. घेत जाय तसाच."

लगेच त्यांनी चांदनी गावातल्या आपल्या बहिणीला फोन लावला. "मथुरा, मोबाइलवर काय येते ते पाह्य. माझ्या सुनेनं बनवलं."

मी रडले. लपवायचं कशाला?