एक जूनच्या दोघी

शाळेच्या दाखल्यावर मी आणि माझी धाकटी बहीण माया एकाच दिवशी जन्मलो आहोत: एक जून. खरं अंतर अडीच वर्षांचं. मेंढरं घेऊन आमचे वडील, आबा, माण तालुक्यात गावी परतले, त्या आठवड्यात त्यांनी दोघींची नावं शाळेत एकदमच घातली. गुरुजींनी तारीखही एकच लिहिली.

मायाचं लग्न ठरलं तेव्हा हे आठवलं. दाखल्यावर ती वीस वर्षांची, खरी साडेसतरा. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि लग्न रविवारी होतं.

“आबा, तिला अठरा पुरी न्हाईत.”

“तुला लय शिकवलं, तितंच चुकलं,” आबा म्हणाले. “पाव्हण्यांना शब्द दिलाय मी. आता कुठल्या तोंडानं मोडू?”

गुरुवारी मी १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथल्या प्रांजल मॅडम म्हणाल्या, “उद्याच कोर्टात अर्ज देऊ. पण वयाचा पुरावा?”

आईनं पत्र्याच्या डब्यातून लसीचं कार्ड काढून दिलं. फलटणजवळ एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती तेव्हा माया झाली. तिथल्या नर्सबाईंनी कार्डावर जन्मतारीख लिहून शिक्का मारला होता. बारा नोव्हेंबर.

शुक्रवारी दहिवडीच्या कोर्टात न्यायाधीश मॅडमनी आमचे दोन्ही दाखले शेजारी ठेवले.

“जुळ्या आहात?”

“नाही मॅडम. शाळेत एकाच दिवशी गेलो.”

त्यांनी कार्ड उजेडात धरून शिक्का वाचला. दुपारी तीनला आदेश हातात आला: पुढील सुनावणीपर्यंत मायाचा विवाह लावण्यास मनाई.

घरी मी तो मोठ्यानं वाचला. आबा खवळतील असं वाटलं होतं.

“मनाईचं परत वाच.”

मी वाचलं.

“म्हंजे कोर्टानं आडवलंय,” ते सावकाश म्हणाले. “शब्द मी न्हाई मोडला. दोन झेराक्स काढून आण. एक पाव्हण्यांना दावतो.”

“आन दुसरी वो?” आईनं विचारलं.

“तुज्या डब्यात ठिव.”

मागं बसलेली माया तेव्हा पहिल्यांदा रडली.

आता ती सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लसीचं कार्ड भरताना बाळाची जन्मतारीख त्याच्या आईला दोनदा विचारते म्हणून मैत्रिणी तिला हसतात.

न्यायाधीश मॅडमना आणि प्रांजल मॅडमना मी भेटून आले. फलटणच्या नर्सबाईंना भेटायचं राहिलंय. कार्ड भिंगाखाली धरूनही त्यांच्या सहीतलं नाव मला अजून लागलेलं नाही.