कार्बनची सोयरीक

बारावीच्या रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा घ्यायला चंद्रपूरहून गुणवंतराव सर आले, तेव्हा ललिताचा हिशेब पक्का होता. नर्सिंगला जायचं तर बारावी पास व्हायला हवी. सराव परीक्षेत लेखीत सत्तरपैकी पंधरा पडले होते. म्हणजे प्रात्यक्षिक आणि तोंडी मिळून तीसपैकी वीस तरी हवेतच.

भामरागडकडच्या त्या कॉलेजात सुरेंद्र सर रसायन शिकवत. अणूच्या बाहेरच्या कक्षेत कार्बनचे चार इलेक्ट्रॉन, नायट्रोजनचे पाच, ऑक्सिजनचे सहा, क्लोरीनचे सात. हे ललिताने एका दिवसात पाठ केलं, कारण तिच्या समाजात कुळंच चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी असतात. सारख्या देवांची कुळं भाऊभाऊ. लग्न ठरवायचं तर वेगळ्या देवांत. सुरेंद्र सर खूश झाले. खूश झालेला मास्तर पुढचं तपासत नाही.

सकाळी प्रयोग आटोपले. मग ललिताचं नाव पुकारलं. सुरेंद्र सर नियमाप्रमाणे गप्प राहण्यासाठी दाराशी उभे राहिले.

"सांग पोरी, कार्बन आणि क्लोरीन जुळतात काय?"

"जुळतात सर. चार देवे आन सात देवे. सोयरीक होते."

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उत्तर बरोबर होतं, पुस्तक वेगळं होतं.

"आणि कार्बन-कार्बन?"

"नाई सर!" ललिता जवळजवळ लाजलीच. "भाऊ भाऊ हायेत ते. कसं जमंल?"

सुरेंद्र सर खोकले. गुणवंतराव म्हणाले, "सर, पाणी घ्या." मग ललिताकडे वळून, "केसाले तेल कशाचं लावलं?"

"टोळीचं. मोहाच्या बियांचं."

"त्या तेलात अठरा अठरा कार्बन एका ओळीत एकमेकाले धरून उभे असतात. तुझं कातडं, रक्त, सगळं अशाच कार्बनच्या जोडण्यांवर उभं आहे. कार्बन कार्बनले धरत नसता, तर तू इथी उत्तर द्यायले नसती, अन् मीबी प्रश्न विचारायले नसतो."

ललिताने तेल लावलेल्या केसांना हात लावून पाहिला. वीस गुण दूर चालले होते. अठरा भाऊ, एका ओळीत, एकमेकाला धरून.

"सर," ती म्हणाली, "मंग ते सोयरीक नाई करत. रेला नाचून राह्यले."

"म्हंजे?"

"उठा ना सर."

परीक्षकाला नाचात उभं करू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही. ती वेळ येईल असं बोर्डाला वाटलं नसावं. ललिताने एक हात गुणवंतरावांच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या हाताने सुरेंद्र सरांना ओढून घेतलं.

"हे दोन हात दोन भावांले. कार्बनले आनखी दोन हात उरते, त्यायले एकेक हायड्रोजन. रेल्यात भाऊ भाऊ बी हात धरतात. त्यात काय दोष?"

तीन कार्बन फळ्यासमोर उभे होते. गुणवंतरावांनी आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं.

"मी तर कडेले आहो. माझं काय?"

"कडेच्या भावाले तीन हायड्रोजन, सर."

हे तर त्यांनी विचारायचं ठरवलंही नव्हतं. ते खुर्चीवर बसले, दम घेतला आणि कागदावर लिहिलं: तीसपैकी २८.

"दोन काऊन कापले, सर?" सुरेंद्र सरांनी विचारलं.

"आधी नाई म्हणाली ना ते."

"कापा सर," ललिता म्हणाली. तिला अठ्ठावीस पुरून उरत होते, पण राहवलं नाही. "पण सोयरीक नाई म्हटलं ते खरंच होतं. भावांची सोयरीक होतच नाई."

गुणवंतरावांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग आठ खोडून नऊ केले आणि बाजूला सही केली.