न्हाणीघराचा ढाळ

भूमिकाने नव्या न्हाणीघराचा नकाशा वहीत काढला तेव्हा तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. अष्टमी गावातलं त्यांचं घर पुढून नीटनेटकं होतं, पण मागची बाजू म्हणजे रोजची कसरत. एका कोपऱ्यात अंधारी न्हाणी, शेजारी पत्र्याखाली धुण्याची मोरी, आणि मधल्या भिंतीला टेकून बादल्या, पिंप, साबणाचे डबे नि तिच्या नवऱ्याची, विशालची, गंजलेली सायकल. भूमिका पूल ओलांडून रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला जायची. शिफ्टवरून आल्यावर युनिफॉर्म कुठे काढायचा नि कुठे भिजवायचा, इथपासून अडचण. पावसाळ्यात कपडे स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळायचे आणि वरणालासुद्धा साबणाचा वास यायचा.

मधली भिंत पाडून आठ बाय सात फुटांची एकच खोली करायची, असं तिने ठरवलं. एका बाजूला अंघोळीची जागा, कमरेएवढ्या आडभिंतीने वेगळी केलेली. दुसऱ्या बाजूला फूटभर उंच ओट्यावर समोरून उघडणारं वॉशिंग मशीन, म्हणजे वाकायला नको. वर फळी, खाली मळक्या कपड्यांच्या टोपल्या, आणि छताला कप्पीवर वरखाली होणारी वाळवणीची दांडी. विशालला नकाशा एकदम पसंत पडला.

सासूबाईंना, म्हणजे धोंडुबाईंना, वही दाखवली ती मात्र पोपट गवंडी वाळू टाकून गेल्यावर. त्यांनी वही हातभर लांब धरून पाहिली.

"धुण्याचा दगड कुठं हाय गो यात?"

"दगड नाही आई, मशीन आहे ना आता. तुमचे गुडघे किती दुखतात."

"गुडघ्यांचं ऱ्हाऊ दे. मग सकाळची मी करू काय?"

सासूला आराम द्यायचा, एवढाच विचार भूमिकाने केला होता. धोंडुबाईंचा जन्म पेणखालच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. रिकामं बसणं त्यांना दुखण्यासारखं वाटायचं. त्यांनी वही परत दिली आणि पुढचे दोन दिवस सगळं धुणं उचलून शेजारच्या सीताबाईंच्या दगडावर नेलं. घरात कामापुरतं बोलणं.

तिसऱ्या दिवशी पोपटने जमिनीला सिमेंटचा कोबा करून ठेवला. चौथ्या दिवशी लाद्या बसायच्या होत्या. त्या सकाळी धोंडुबाई बादली घ्यायला अनवाणी आत गेल्या आणि मधेच थांबल्या. चार पावलं पुढे टाकली, चार मागे.

"पोपट, ढाळ उलटा झालाय रं."

पोपट हसला. "मावशी, पाणसळ लावून केलंय मी."

"पाणसळ लाव नायतर दुर्बीण लाव. पाणी तुझ्या सांडपाण्याच्या जाळीकडं जानार नाय, मशीनखाली जानार."

"आई, करू द्या ना त्यांना," भूमिका संकोचून म्हणाली. पण तेवढ्यात तिची नजर सासूच्या पायांकडे गेली. बोटं पसरलेली, टाच दाबून धरलेली, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर सावकाश जात होता. माणसं उगाच उभी राहतात तशा त्या उभ्या नव्हत्या. भूमिकाने बादली उचलली आणि मधोमध ओतली.

पाणी क्षणभर जागच्या जागी पसरलं. मग सरळ मशीनच्या ओट्याकडे निघालं आणि कोपऱ्यात जाऊन साचलं.

पोपटने पाणसळ, ती बुडबुड्याची काचनळी बसवलेली पट्टी, काढून जमिनीवर ठेवली. बुडबुडा ढाळ जाळीकडेच दाखवत होता. मग तीच त्याने उलट्या तोंडाने ठेवली, तर बुडबुडा भलतीकडे सरकला. कोलाडच्या कामावर ती त्याच्या हातून परातीवर पडली होती, ते त्याला आत्ता आठवलं.

"आयला, इतके दिवस ही माझ्याशी खोटं बोलतेय!"

धोंडुबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "आमच्या मिठागरात वाफ्याची जमीन पायानं चोपायची. भरतीचं पाणी या वाफ्यातनं त्या वाफ्यात आपसूक गेलं पायजे. बोटभर चुकलं की मीठ काळं. बा आमचा डोळे मिटून चालायला लावायचा."

लग्नानंतर चार वर्षांत भूमिकाने हे कधी ऐकलं नव्हतं. तिने कधी विचारलंही नव्हतं.

"आई," ती वही पुढे करत म्हणाली, "अजून काय काय चुकलंय ते सांगा बघू."

"रागावशील."

"नाही रागावणार."

मग धोंडुबाईंनी बांध फोडला. खिडकी नदीच्या अंगाला घेतलीस ते बेस, पण आत आलेला वारा बाहेर कुठनं जायचा? समोरच्या भिंतीत जाळी ठेव, तर पावसात कपडे वाळतील. फळी एवढी उंच कुणासाठी? मशीनचं पाणी गटारात कशाला, मागच्या केळींना सोड. पोपट कानावर पेन्सिल ठेवून मान डोलवत होता, भूमिका खोडून लिहीत होती. शेवटी तिने नळाजवळ एक चौकोन काढला.

"हा तुमचा दगड. पण कमरेच्या उंचीवर. उभ्यानं धुवायचं."

"उभ्यानं? धुनं काय भाषन हाय व्हय?"

"करून तर बघा."

पोपटने विटा रचल्या, धोंडुबाईंनी त्यावर रिकामं पोतं आपटून पाहिलं. एक वीट काढ, अर्धी घाल, असं करत दोघींनी तासभर वाद घातला तेव्हा कुठे उंची ठरली. कोबा उकरून पुन्हा करताना धोंडुबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. या वेळी ओतलेलं पाणी एक थेंबही मागे न ठेवता जाळीत गेलं. पोपटने दोन्ही हात जोडले.

महिन्याभरात खोली तयार झाली. मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा धोंडुबाई स्टूल घेऊन काचेसमोर बसल्या त्या धुणं संपेपर्यंत. "ती बघ, विशालची प्यांट वर आली!" सीताबाईंना हाक मारून बोलावलं, त्यांनाही शेजारी बसवलं. विशालच्या शर्टाच्या कॉलरी मात्र त्यांनी आधीच दगडावर घासून टाकल्या होत्या. मशीनवर तेवढा भरवसा नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी दारात पोपटची मोटरसायकल थांबली. खांब गावात एका घराच्या गच्चीचं काम चाललं होतं, आणि मालकाला पाणी साचलेलं चालणार नव्हतं. धोंडुबाई चांगलं लुगडं नेसून तयारच होत्या.

"भूमिका गो," मागच्या सीटवर बसता बसता त्या ओरडल्या, "धुनं तूच लाव आज. मला यायला दुपार व्हईल!"