पट्ट्याची कड

पिवळ्या पट्ट्याच्या कडेला नखाच्या रुंदीचा काप होता. त्यातून सुटलेले धागे उन्हाने पांढरे पडून ताठ झाले होते. बोट फिरवलं की टोचत. ट्रकवरचा माल आवळायचा पट्टा असा एका कडेला कापला गेला, की ताण आल्यावर तिथूनच फाटत जातो. म्हणून राष्ट्रीय मानक सांगतं, असा पट्टा फेकून द्या. भाऊजी सांगत, याला नवं लेबल शिवा.

भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर, या ट्रक डेपोचे मॅनेजर. नवरा गेल्यावर त्यांनीच तिला इथे ताडपत्र्या शिवायला बसवलं होतं. ते उपकाराचं जू अजून मानेवरून उतरलं नव्हतं. मानांकनाची तपासणी आली, की यंदाची तारीख छापलेल्या निळ्या लेबलांची गुंडाळी तिच्या मशीनवर येऊन पडे.

“वहिनी, हात चालवा जरा. तपासनीस ऑफिसात चहा पितायत.”

“हा पट्टा गेलाय, भाऊजी. नवे आणतो म्हणाला होतात ना?”

“आणू हो! आधी मानांकन तर मिळू दे. ते गेलं की कंत्राट गेलं. मग तुमचं मशीन काय मी डोक्यावर घेऊन फिरू?” आपल्याच विनोदावर हसत ते गेले.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. मागे असाच एक पट्टा तुटून ट्रकवरचे लोखंडी पाइप घरंगळले होते. माल चढवणाऱ्या म्हाताऱ्याचा पाय गुडघ्यापासून तुटला. तो विव्हळत पडलेला असताना भाऊजींनी आधी काय केलं, तर तुटक्या पट्ट्यावरचं लेबल उसवून खिशात टाकलं. आता पुन्हा नाही, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं. आणि हात पुन्हा चालतच होते. राग दिराचा होताच. त्याहून जास्त या मेल्या हातांचा होता.

“आई, माझे पट्टे झाले?” लेक दारातूनच ओरडली. ती याच डेपोत ट्रक चालवायची. “काकांनी आज पाइपांची खेप मला दिलीय!”

ढिगातले पट्टे लेक भराभर उलटू लागली. प्रत्येकाचं लेबल बघायची, खांद्यावर टाकायची.

“अगं, कडा बघ ना.”

“कडा कशाला? तारीख यंदाची आहे, शिलाई तुझी आहे. आणखी काय बघायचं?”

तिने मशीनचं चाक तळव्याने थांबवलं. कात्री घेतली. सुईखालच्या लेबलाचे टाके एकेक करून कापले. लेकीच्या खांद्यावरचे पट्टे ओढून घेतले, त्यांचीही लेबलं उसवली.

“आई, डोकं फिरलं का तुझं?”

पट्टे काखेत मारून ती चालू लागली. ऑफिसात जाऊन सगळे पट्टे तिने टेबलावर, चहाच्या कपांमध्ये टाकले. एक कप कलंडला. तपासनिसांनी कागद मागे घेतले आणि वर पाहिलं.

भाऊजी हसले, पण ओठ सुकले होते. “अहो वहिनी, यांचं शिवायचं राहिलंय वाटतं. न्या, न्या ते.”

“राहिलं नाही, उसवलंय,” ती म्हणाली. लेक मागे दारात येऊन उभी होती. “सडक्या पट्ट्यावर मी आता लेबल शिवणार नाही. आणि माझी पोर हे बांधून गाडी काढणार नाही.”