वर्नाने डागलेली सोळाची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. बोटाहून बारीक, दोन फूट लांब. केंटकीच्या डोंगरात अर्लिसचे बंदुका दुरुस्त करण्याचे दुकान आहे, तिथे मी असते. त्याच्या बायकोने, वर्नाने, मला हिकरीच्या लाकडातून तासले आणि तापल्या खिळ्याने माझ्यावर दोन रेघा डागल्या. सोळा इंचांवर रायफलीची, अठरावर छऱ्याच्या बंदुकीची. नळी त्याहून आखूड भरली, तर कायद्याने ती बंदूक वेगळ्या वर्गात जाते. सरकारी नोंदणीशिवाय बाळगली तर तुरुंग.

अर्लिस बंदूक रिकामी आहे ना ते बघे, नळीची मागची खीळ, म्हणजे बोल्ट, बंद करी आणि मला तोंडाकडून नळीत सोडी. मी तळाला टेकले की वर्ना नळीच्या तोंडाशी माझ्यावर नख धरी. चोवीस वर्षे आम्ही असेच काम केले.

फेब्रुवारीत वर्ना गेली. अर्लिसने मला मागच्या खिळ्याला टांगले. मापाचे काम आले की तो म्हणे, "दुसरीकडे बघा." तेलाचा हात न लागल्याने मी कोरडी पडले.

ऑक्टोबरात शेजारची इमोजीन आली. तिने आपल्या गेलेल्या नवऱ्याची रायफल टेबलावर ठेवली.

"हिचे तुकडे करून दे."

"हॉबर्टच्या रायफलीचे? का गं?"

"डॉयलने मोजली. एकूण पंचवीस इंच भरली, सव्वीस लागतात म्हणे. म्हणाला, वहिनी, या वयात तुरुंगातली घुगरी खाशील."

डॉयल तिचा धाकटा दीर. अर्लिसने खांद्याला टेकवायचा, बिजागरीवर मुडपलेला दस्ता पाहिला. "अशी मिटवूनच मोजली?"

"कोपऱ्यात उभी असते, तशीच."

"डॉयल छत्रीही मिटवून मोजेल आणि म्हणेल, हिच्याखाली माणूस मावत नाही."

त्याने दस्ता उघडून सरळ केला आणि मोजफीत लावली. चौतीस इंच. कायदा दस्ता उघडून मोजतो.

इमोजीन हसली नाही. "नळीही पंधराच भरली म्हणे."

"बाहेर दिसते तेवढीच धरली असेल, मागचा भाग आत दडलेला असतो. पण आतून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ते काम मी सोडलंय."

"मग करवत घे. घरात अशी भीती ठेवून मला झोप लागत नाही."

अर्लिस मागच्या भिंतीपाशी आला. मग त्याने मला खिळ्यावरून काढले.

बंदूक रिकामी होती. बोल्ट बंद झाला. मी नळीत उतरले आणि तळाला टेकले. नळीच्या तोंडाशी मात्र कुणाचेच नख नव्हते.

"इमोजीन, इथे नख धर. हलू नकोस."

"मी नाही हलत. धरलंय."

तिने नख तसेच धरून मला बाहेर काढले.

"वर्नाची रेघ कुठे आहे?" अर्लिसने विचारले. त्याने स्वतः पाहिले नाही.

"नखाच्या खाली, तळाकडे. मक्याच्या दाण्याएवढी खाली."

"म्हणजे सोळाच्या वर. घरी घेऊन जा."

इमोजीन स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही हात रायफलीवर ठेवले. जाताना म्हणाली, "उद्या डॉयललाच पाठवते. त्याच्या दोन बंदुका आहेत."

"पाठव. नख वाढवून ये म्हणावं."

ती गेल्यावर अर्लिसने मला जवसाचे तेल चोळले. वर्नाच्या रेघेवर त्याचा अंगठा थांबला. आता मी पुढच्या खिळ्याला असते, हात पोचेल तिथे.

मित्रांनो, कुणी भीती घातली म्हणून आपल्या माणसाची वस्तू मोडू नका. आधी ती जाणत्याकडे न्या, पुरती उघडून मोजून घ्या. आणि मोजणाऱ्या काठीला वर्षातून एकदा तरी तेल लावा.